रोजचा शब्द आणि आठवड्याचे वचन

परभणी



रोज एक नवा शब्द आणि एक सुविचार वहीत उतरवून घेण्याची रीत शाळेच्या परिपाठापासून, म्हणजे वर्ग भरण्यापूर्वी प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बोधकथा आणि सुविचार यांनी होणाऱ्या सामुदायिक आरंभापासून, मुलांच्या हाती येते आणि पुढे महाविद्यालयात व स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत शब्दसंग्रहाच्या याद्यांचे रूप घेते. ही रीत चांगली आहे. परंतु शब्द आणि वचन या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, त्या अंगी मुरायला लागणारा काळ वेगळा आहे, आणि दोन्ही एकाच वेगाने साठवत गेल्यास शब्द थोडेफार उरतात, वचने मात्र बहुधा वहीतच राहतात. चि. भाचीने वर्षभर पुरेल अशी सुविचारांची यादी मागवली आहे. ती या पत्रासोबत पाठवलेली नाही, आणि का पाठवलेली नाही हे सांगणे हाच या पत्राचा हेतू आहे.

सुविचार या एका नावाखाली आज निदान तीन निराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. सुभाषित म्हणजे कवीने किंवा शास्त्रकाराने मुद्दाम बांधेसूद घडवलेले वचन. म्हण म्हणजे ज्याचा कर्ता विसरला गेला पण वापरण्याचा प्रसंग विसरला गेला नाही असे लोकवचन. आणि तिसरी गोष्ट म्हणजे थोर व्यक्तीच्या भाषणातून वा लेखातून कापून काढलेले वाक्य, ज्यावर कर्त्याचे नाव असते पण प्रसंग गळून पडलेला असतो. फळ्यावर, दिनदर्शिकेच्या पानावर आणि सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह येणाऱ्या संदेशांत मुख्यतः ही तिसरी जात आढळते, आणि नेमकी तीच सर्वांत कमी भरवशाची आहे. जगात जो बदल हवा तो आधी स्वतःत घडवावा, अशा अर्थाचे जे सुटसुटीत वाक्य महात्मा गांधींच्या नावे सर्वत्र लिहिले जाते, ते त्या शब्दांत त्यांच्या संकलित वाङ्मयात सापडत नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात आरोग्यावर चाललेल्या लेखमालेत सर्पदंशाविषयी लिहिताना त्यांनी त्याच्या जवळचा एक विचार मांडलेला आहे, की माणसाचा स्वभाव पालटला तर जगाचा त्याच्याकडे पाहण्याचा कलही पालटेल. मूळ विचार अधिक खोल आहे, कारण तो भय आणि वैर यांच्या विचारातून निघाला आहे. त्याचे गुळगुळीत झालेले रूप भिंतीवर शोभते, पण ते वाचून गांधी काय म्हणत होते हे कोणालाही कळत नाही.

म्हणीच्या बाबतीत धोका वेगळा आहे. ‘असेल हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण नुसत्या यादीत वाचणाऱ्याला ती ईश्वरावर भार टाकण्याची शिकवण वाटेल. प्रत्यक्षात ती हातपाय न हलवता बसलेल्या माणसाला टोचण्यासाठी बोलली जाते, आणि तो टोचरा सूर छापील ओळीत येत नाही, घरात ऐकावा लागतो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही तिच्या विरुद्ध भासणारी म्हण वस्तुतः तिचीच सोबतीण आहे, हे ज्याने दोन्ही प्रसंगात ऐकल्या त्यालाच उमगते. म्हणून चि. भाचीने म्हण पुस्तकातून घेतली तरी ती कोण, कोणाला आणि कधी म्हणते हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारल्याशिवाय वहीत लिहू नये.

वचने वेचून त्यांचा पाठ सिद्ध करण्याचे मराठीतील अगदी आरंभीचे मोठे काम चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात झाले, आणि ते काम कसे झाले हे प्रत्येक सुविचार-वही ठेवणाऱ्याने जाणून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिले वा ऐकले होते अशा माणसांकडे जाऊन, विचारून, आठवणी गोळा केल्या आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. त्या चरित्रात विखुरलेली स्वामींची वचने पुढे केसोबासांनी निवडून वेगळी काढली आणि सूत्रपाठ तयार केला. सूत्र म्हणजे थोड्या शब्दांत पुष्कळ अर्थ सामावणारे वाक्य. येथेच थांबले असते तर तोही एक सुविचारसंग्रहच ठरला असता. परंतु केसोबासांनीच दृष्टांतपाठ हा दुसरा ग्रंथ रचला, ज्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन पदरांची आहे: आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेली दैनंदिन जीवनातील लहानशी गोष्ट म्हणजे दृष्टांत, आणि शेवटी त्या गोष्टीतील कोणता भाग सूत्राच्या कोणत्या भागाशी जुळतो हे केसोबासांनी उलगडून सांगितलेले दार्ष्टान्तिक. याशिवाय कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे नोंदवणारे ‘प्रकरणवश’ नावाचे वाङ्मयही या पंथात निर्माण झाले. सातशे वर्षांपूर्वीच्या या अभ्यासकांना वचन प्रसंगापासून तुटले की त्याचा अर्थ भरकटतो याची पुरेपूर जाणीव होती, असे या सगळ्या खटाटोपावरून दिसते. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी ग्रंथरचना संस्कृतात न करता मराठीत करण्याचा आग्रह धरला, कारण अन्यथा साध्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. हा आग्रहही वचन कोणासाठी आहे या प्रश्नाचाच भाग होता. चि. भाचीने वहीत एखादे वचन लिहिताना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक हे तिन्ही पदर ठेवावेत. दृष्टांत पुस्तकातला नसला तरी चालेल, तो आजूबाजूचा असावा. दार्ष्टान्तिक मात्र स्वतःचेच असले पाहिजे, कारण जुळणी करून दाखवण्यात बुद्धीला जे श्रम पडतात त्यालाच चिंतन म्हणतात.

वचन प्रसंगापासून तोडता येत नाही याचे दुसरे उदाहरण परभणी जिल्ह्याच्याच मातीत, संत जनाबाईंचे आहे. गंगाखेड हे गोदावरीकाठचे त्यांचे गाव, आणि पंढरपूर हे संत नामदेवांच्या घरी दासीपणे राहून त्यांनी आयुष्य काढले ते ठिकाण. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग मिळतात. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे ही कामे त्या अभंगांत केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत. विठ्ठलाविषयीचा विचार त्या कामाच्या आतूनच निघतो, म्हणून काम वगळून त्यातील एखादी ओळ सुविचार म्हणून काढायला गेले तर हाती फार थोडे लागते. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गायिकेच्या ओव्याही आहेत. आणि या संग्रहाचे खरे शास्त्रीय मोल असे की ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. लोकवाङ्मय म्हणजे कोणाचेच नसलेले वाङ्मय, हा समज या एका शिस्तीने खोटा ठरवला. ओवी ज्या बाईने गायली तिचे नाव लिहिण्यात तिच्याविषयीचा आदर आहे, आणि चि. भाचीच्या वहीतील प्रत्येक ऐकलेल्या शब्दापुढे व म्हणीपुढे ती सांगणाऱ्याचे नाव असावे, ही सूचना याच कारणासाठी आहे.

वडीलधाऱ्याने पत्रातून धाकट्याला रोजचे वचन पाठवावे ही कल्पना जगात इतरत्रही होती. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आयुष्याच्या अखेरीस, इसवी सनाच्या सातव्या दशकात, ल्युसिलियस या तरुण मित्राला लिहिलेली १२४ पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील आरंभीच्या बहुतेक पत्रांच्या शेवटी तो एखादे वचन, तेही पुष्कळदा विरोधी पंथाच्या तत्त्वज्ञ एपिक्युरसचे, भेटीदाखल जोडतो. पुढे तो ही प्रथा सोडून देतो, आणि ल्युसिलियस वचनांची मागणी करतो तेव्हा तेहतिसाव्या पत्रात त्याला स्पष्ट नकार देतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सुटी वचने पाठ करणे हे लहान मुलांना शोभते, कारण संपूर्ण विचार त्यांच्या आवाक्यात नसतो. वाढत्या वयाच्या माणसाने ग्रंथ अखंड वाचावा, आणि दुसऱ्याचे बोल आठवण्याऐवजी स्वतः काही बोलण्याजोगे व्हावे. सेनेकाचा नकार थोडा कठोर आहे, आणि ज्याच्याजवळ अखंड ग्रंथ वाचण्यास निवांत वेळ व पुस्तके दोन्ही नाहीत अशा विद्यार्थ्यांचा विचार त्यात नाही. तरी त्याने आधी दिले, मग थांबवले, या क्रमात शहाणपण आहे. परिपाठाचे वय ओलांडलेल्या विद्यार्थिनीला रोज नवे वचन पुरवणे म्हणजे तिला पुन्हा त्याच इयत्तेत बसवणे होय.

म्हणून वचनाला एक दिवस पुरत नाही, निदान एक आठवडा द्यावा. यामागे कारण असे, की शब्द हा वस्तूला वा क्रियेला लागलेला असतो आणि वस्तू दिसली की त्याची परीक्षा होते. वचन आचरणाला लागलेले असते आणि त्याची परीक्षा घेणारा प्रसंग रोज येतोच असे नाही. राग आवरण्याविषयीचे वचन रविवारी लिहिले आणि कोणावर रागावण्याची वेळ गुरुवारी आली, तर सोमवार, मंगळवार, बुधवारी आलेल्या तीन नव्या वचनांखाली ते पहिले बुजून गेलेले असते.

शब्दांच्या बाबतीत मात्र रोजची शिस्त योग्य आहे, फक्त शब्द कोठून घ्यावेत याचा विचार पालटला पाहिजे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत पाणी या शब्दापुढे जल, नीर, उदक, तोय, सलिल अशी समानार्थी शब्दांची रांग असते. ती पाठ करणे परीक्षेपुरते गरजेचे आहे, पण त्या रांगेने शब्दांमधला भेद पुसला जातो. दान देताना हातावरून सोडतात ते उदक, योजनेचे नाव घडवताना लागते ते जल, आणि पिकाला देतात, पाहुण्याला विचारतात, तसेच आशा सोडताना ज्यावर ‘सोडणे’ हे क्रियापद येते ते पाणी. यांतील एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहिला की भाषा लगेच अडखळते.

परभणीच्या विद्यार्थिनीला शब्द शोधायला फार दूर जावे लागत नाही. वाफसा हा शब्द घ्यावा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जादा पाणी निचरून, चिखल मोडून, बियाणे रुजण्यास लागणारी ओल आणि हवा दोन्ही एकत्र असण्याच्या स्थितीला वाफसा म्हणतात. जिल्ह्यातील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत तो उशिरा येतो आणि तो येण्यापूर्वी औत घातले तर ढेकळे पडतात. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या शेतीसल्ल्यात हा शब्द आजही जसाच्या तसा वापरला जातो, म्हणजे तो जुनाट नाही, शास्त्राच्याही कामाचा आहे. त्याच्या शेजारी धूळपेरणी, म्हणजे पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत केलेली पेरणी, आणि दुबार पेरणी, म्हणजे पावसाने दडी मारल्याने पहिले बियाणे वाया जाऊन करावी लागणारी दुसरी पेरणी, हे शब्द ठेवावेत. धान्याच्या बाजाराला मराठवाड्यात मोंढा म्हणतात; त्या मोंढ्यातील आडत, मापाडी, रास हे शब्द तेथे एक सकाळ उभे राहिल्यास अर्थासह मिळतात. इर्जिक हा शब्द मात्र आता बहुधा फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिला आहे: एखाद्या शेतकऱ्याच्या कामाला गावातल्या इतरांनी आपापले बैल आणि औत घेऊन एक दिवस जावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे, या देवघेवीला ते नाव होते. ट्रॅक्टर आल्यावर ती रीत मागे पडली आणि शब्दही मावळत गेला. असा शब्द लिहिताना त्या रीतीतले काय गेले आणि काय बरे झाले, या दोन्ही बाजू चि. भाचीने लिहाव्यात, जुने ते सगळे चांगले असे धरून चालणे ही चिंतनातील आळशी वाट आहे.

दुसरा साठा राज्यकारभाराच्या इतिहासातून आलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे खासरा पाहणी, म्हणजे कोणत्या क्रमांकाची जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे नोंदवणारे पत्रक, किंवा मुंतखब, म्हणजे इनामाचा अधिकृत दाखला, असे शब्द येथील जमिनीच्या कागदांत अजून भेटतात. हे शब्द ज्याला कळत नाहीत त्याला स्वतःच्या आजोबांच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि तेथे फसवणुकीला वाव मिळतो. शब्दसंग्रहाचा याहून रोकडा उपयोग दाखवता येणार नाही. या काळातील परभणीचे जीवन समजून घेण्यासाठी बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३–१९५३), यांच्या कथा आणि ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी अखंड वाचावी. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी हे लेखन केले, आणि त्यांच्या एका पानातून मिळणारे शब्द यादीतल्या पन्नास शब्दांपेक्षा अधिक काळ टिकतील, कारण ते माणसांच्या तोंडी आलेले आहेत.

ऐकलेला शब्द पडताळण्यासाठी कोश हाताशी असावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दाते व कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात अर्थासोबत जुन्या ग्रंथांतील प्रयोग आणि शब्द कोणत्या भागात चालतो याच्या खुणाही आहेत. कोशात न मिळालेला शब्द चुकीचा ठरवू नये. तो लिहून ठेवावा, गाव लिहावे, आणि दुसऱ्या गावात कोणी तोच शब्द त्याच अर्थाने वापरतो का हे पाहावे. कोशकारांनीही शब्द याच मार्गाने जमवले.

स्मरणाविषयी एवढेच सांगणे पुरे आहे की हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून, अर्थ नसलेली अक्षरे पाठ करून, दाखवून दिले की विसरणे पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंदावते. यावरून उजळणी कधी करावी हे ठरते: दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मात्र एबिंगहाउसने निरर्थक अक्षरे मुद्दाम घेतली होती, म्हणजे अर्थाचा आधार काढून घेतला होता. वाफसा हा शब्द ज्याने पायाने माती तुडवून पाहिला त्याला इतक्या उजळण्या लागत नाहीत.

आता एक गोष्ट थोडी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रेरणादायी म्हणून फिरणाऱ्या वचनांपैकी बरीचशी असे शिकवतात की यश सर्वस्वी माणसाच्या जिद्दीवर आहे आणि जो हरला त्याची जिद्दच कमी पडली. शहरातील परीक्षार्थीला हे वाक्य सकाळी उभारी देत असेल, पण ज्या जिल्ह्यात मृगात पेरलेले पावसाने ताण दिल्याने जळते आणि दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीवर आणावे लागते, तेथे हेच वाक्य हरलेल्या माणसावर ठपका ठेवणारे होते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला त्यांच्यात जिद्दीचा तुटवडा नव्हता. चि. भाचीने कोणतेही प्रेरक वचन लिहिण्यापूर्वी ते गावातील सर्वांत अडचणीत असलेल्या माणसासमोर मोठ्याने म्हणता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. म्हणता येत नसेल तर ते वचन कोणाचेही असो, लिहू नये. हाच निकष स्वतःच्या अपयशालाही लावावा. चिंतन म्हणजे रोज रात्री स्वतःला दोष देणे नव्हे. वचन आचरणात आले नाही तर ते का आले नाही हे लिहावे, आणि कधी वचनच चुकीचे होते असे आढळले तर तसे निःशंकपणे लिहून त्यावर रेघ मारावी.

वही दोनशे पानांची, साधी, आखलेली असावी. समोरासमोरच्या दोन पानांपैकी डावीकडे आठवड्याचे सात शब्द, प्रत्येकापुढे सांगणारा, गाव आणि तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य. उजवीकडे एकच वचन, त्याचे मूळ कोठले हे, आणि खाली अर्धे पान कोरे. ते अर्धे पान आठवडा संपताना भरावे, एखाद्या आठवड्यात प्रसंगच आला नाही तर ते कोरेच राहू द्यावे आणि तेच वचन पुढच्या आठवड्यात न्यावे. अक्षर सुवाच्य असावे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे, तो एकदा पूर्ण वाचावा. महिन्याने स्वतःचेच लेखन वाचता येत नसेल तर उजळणी होणे शक्य नाही.

पहिल्या आठवड्यासाठी वचन येथून पाठवलेले नाही. ते चि. भाचीने आजीकडून घ्यावे, आणि आजीने ते कोणाकडून ऐकले, कोणत्या प्रसंगी, हेही विचारावे. दिवाळीच्या सुट्टीत येताना वही बरोबर आणावी. मोंढ्यातले शब्द जमले असतील तर ते महाराष्ट्र शब्दकोशाशी बसून ताडून पाहता येतील.



मामाचे आशीर्वाद